रेघबाईंचे बत्तीस जीबी

आमच्या पाणीपुरवठा खात्यात एक बाई होत्या. कागदोपत्री पद ट्रेसर, म्हणजे साहेबलोकांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा तलम, कांजी लावलेल्या कापडावर शाईने उतरवायचा. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांची रेघ इतकी एकसारखी यायची की कुणीतरी थट्टेत त्यांना रेघबाई म्हणालं, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मी त्याच कार्यालयात जावक टपालाच्या टेबलावर होते. बाहेर जाणारी नकाशाची प्रत्येक गुंडाळी माझ्या हातून जायची म्हणून आमची ओळख झाली आणि डबा एकत्र खायचो म्हणून मैत्री.

बाई बोलायला मऊ. चढा आवाज मी कधी ऐकला नाही. पण एकदा का त्या ‘नाही’ म्हणाल्या, की ब्रह्मदेव खाली उतरला तरी तो ‘नाही’ हलायचा नाही.

त्या नोकरीला लागल्या तेव्हा मुख्य नकाशाकारांनी त्यांना अर्धा ड्रॉइंग बोर्ड दिला होता. “लग्न झालं की सोडूनच जाणार, पूर्ण बोर्ड कशाला अडवायचा?” हे त्यांच्यासमोरच म्हणाले. मग बाई प्रत्येक नकाशा दोन तुकड्यांत उतरवायच्या आणि मधे सांधायच्या. सहा महिने असं चाललं. सातव्या महिन्यात त्यांनी एक नकाशा उचलला, सरळ मोठ्या साहेबांच्या टेबलावर पसरला आणि बरोबर मधोमध बोट ठेवलं.

“साहेब, इथे पाइप केसभर सरकलाय. हा सांधा माझ्या हाताचा दोष नाही, अर्ध्या बोर्डाचा आहे. जमिनीत पाइप अखंड आहे, तर कागदावर का तुटावा?”

पुढच्या सोमवारी त्यांना पूर्ण बोर्ड मिळाला. मुख्य नकाशाकार दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. “बोलून काय सांगणार होते?” म्हणायच्या.

आम्ही दोघी एकाच वर्षी निवृत्त झालो. त्यानंतर काही महिन्यांतच कार्यालय नव्या इमारतीत गेलं आणि जुने नकाशे रद्दीत काढायचे ठरले. ही बातमी मीच बाईंना दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या कार्यालयाच्या दारात हजर. तेव्हाचे अधिकारी हसून म्हणाले, “बाई, ते सगळं आता कॉम्प्युटरवर आलंय.”

“बाजारामागच्या चौकात पाइपावर एक झडप आहे. ती दाखवा बरं कॉम्प्युटरवर.”

अधिकाऱ्यांनी माणूस बोलावला, माणसाने यंत्र चालू केलं, दोघांनी मिळून बराच वेळ शोधलं. झडप काही सापडली नाही. बाई समोरच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या. शेवटी अधिकारी कंटाळले आणि म्हणाले, घेऊन जा. “लेखी द्या,” बाई म्हणाल्या. त्यांनी दिलं. एक्केचाळीस गुंडाळ्या टेम्पोत भरून त्या घरी आल्या.

घर म्हणजे दोन खोल्या, खाली यजमानांचं दुकान. यजमान घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून दिवसभर चिमट्याने बारीक चाकं हलवायची, असा शांत माणूस. गुंडाळ्या पलंगाखाली मावेनात तेव्हा त्यांनी त्यातल्या नऊ दुकानात घड्याळांच्या कपाटावर रचल्या आणि एवढंच विचारलं, “या टिकटिक करत नाहीत ना?”

नकाशे घरी आले खरे, पण ते घरातही टिकणारे नव्हते. त्या कापडाला पाण्याचं वावडं. एक थेंब पडला की कांजी विरघळून पांढरा डाग, आणि डागाबरोबर शाई गेली. आयुष्यभर पाण्याचे नकाशे काढले ते अशा कापडावर, याचं बाईंना हसू यायचं. त्यांनी ठरवलं की हे सगळे नकाशे कॉम्प्युटरवर घ्यायचे. आणि नुसते घ्यायचे नाहीत, जोडायचे. गावाचा जुना भाग चौदा शीटवर विभागलेला होता. एका शीटच्या काठावर पाइप संपायचा आणि दुसऱ्या शीटवर सुरू व्हायचा. चौदा शीट एकत्र, एकसंध, असा नकाशा खात्यात कधी कुणी पाहिलाच नव्हता, कारण तेवढं टेबलच नव्हतं.

कॉम्प्युटर लेकीने आणि जावयांनी भेट दिला होता. जावई कॉम्प्युटरच्याच कामात. त्यांनी स्वतः निवडून, जोडून, चालू करून दिला होता आणि जाताना लेकीला म्हणाले होते, “आईंना काय, फोटो बघायचे, व्हिडिओ कॉल करायचा. चार जीबी मेमरी भरपूर झाली.” बाईंनी ते ऐकलं होतं. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, कारण जीबी म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं आणि न कळलेल्या गोष्टीवर वाद घालायची त्यांना सवय नव्हती.

कोपऱ्यावर एक झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या मालकिणीकडे मोठ्या नकाशांचा स्कॅनर होता. बाई रोज दोन गुंडाळ्या काखेत मारून जायच्या आणि पेनड्राइव्ह घेऊन परत यायच्या. चित्रं जोडायचा फुकट मिळणारा एक प्रोग्राम मालकिणीनेच त्यांना घालून दिला आणि शिकवलाही. पहिलं शीट उघडलं, ते ठीक. दुसरं उघडायला दहा मिनिटं. तिसरं उघडलं तेव्हा पडद्यावरचा बाण थिजला, डब्यातून घरघर यायला लागली आणि अर्ध्या तासाने सगळंच बंद पडलं. असं चार दिवस झालं. पाचव्या दिवशी त्यांनी जावयांना फोन लावला. मी तिथेच बसले होते. फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा लावला होता.

“आई, फाइली फार मोठ्या आहेत,” जावई म्हणाले. “तुम्ही त्या लहान करा. पाव आकाराच्या केल्या तरी चालतील.”

“पाव केल्या तर झडपांचे आकडे वाचता येणार नाहीत.”

“मग काळ्या-पांढऱ्या करा. रंग काढले की खूप हलक्या होतात.”

“लाल रेघ म्हणजे बंद केलेला पाइप. निळी म्हणजे नंतर टाकलेला. रंग काढले तर मेलेलं आणि जिवंत एकच होईल.”

जावयांनी वाद घातला नाही. माणूस चांगला, उगाच चिडणारा नाही. म्हणाले, “बरं, मी मोठी हार्ड डिस्क पाठवतो.”

त्या दिवशी बाईंनी डिस्कला हो म्हटलं. डिस्क आली, जोडली, आणि तिसऱ्या शीटला कॉम्प्युटर पुन्हा थिजला. तेव्हा खालून चहाला वर आलेले घड्याळजी म्हणाले, “अगं, मला त्यातलं कळत नाही, पण माझ्याकडे ड्रॉवर वीस आहेत. घड्याळ उघडायचं म्हटलं की टेबलच लागतं. तू ड्रॉवर वाढवलेस.”

बाई कपात चमचा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो, म्हणजे पुन्हा अर्धा बोर्ड.”

त्यांनी डिस्क वेगळी, मेमरी वेगळी, हे त्याच संध्याकाळी झेरॉक्सवालीकडून नीट समजून घेतलं. डिस्कवर वस्तू ठेवायच्या, मेमरीत त्या उघडून काम करायचं. मेमरी संपली की यंत्र उघडलेल्या वस्तू पुन्हा डिस्कवर नेऊन टाकतं आणि लागतील तशा परत आणतं. ती घरघर त्या ने-आणीची होती.

मग आम्ही तिघं कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. काउंटरवरचा विक्रेता चांगला चाळिशीतला, बोलण्यात पटाईत. त्याने बाईंकडे न बघता घड्याळजींना विचारलं, “बोला काका, काय देऊ?”

“मला नाही, त्यांना हवंय,” घड्याळजी म्हणाले.

“आजींना ना? मग आठ जीबी घ्या, डोळे झाकून. व्हिडिओ अजिबात अडकणार नाही.”

“मी व्हिडिओ बघत नाही,” बाई म्हणाल्या. “मला चौदा शीट एका वेळी उघडायचीत.” आणि त्यांनी शीटचा आकार, स्कॅनची बारकाई, रंग, सगळं सांगितलं.

विक्रेत्याचा चेहरा बदलला. आता तो त्यांना आतल्या दालनात घेऊन गेला. तिथे काचेच्या पेटीतलं एक यंत्र जांभळ्या, हिरव्या दिव्यांनी लखलखत होतं. “चौसष्ट जीबी. एकदाच घ्या आणि विसरून जा. तुमचं जुनं मशीन टाकून द्या, ते आता कुठे पुरणार?”

“चौसष्टच का?”

“आजी, जास्त मेमरी कधी वाया जात नाही.”

“न वापरलेली जाते ना? तुम्ही मोजलंय का, चौदा शीटला किती लागेल?”

“असं मोजता येत नसतं. अंदाज असतो.”

“पाच मिनिटांपूर्वी तुमचा अंदाज आठ होता,” बाई म्हणाल्या. “बरोबर आठपट झाला.”

घड्याळजींनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. आम्ही रिकाम्या हाताने बाहेर पडलो.

घरी लेकीचा फोन आला. तिला दुकानातला प्रकार वडिलांकडून कळला होता. ती वैतागली होती आणि तिचंही चूक नव्हतं. आईने या वयात दिवसदिवस पडद्यासमोर बसावं हे तिला पसंत नव्हतं.

“आई, अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. जे आहे त्यात भागव ना.”

“अंथरूण आपणच घ्यायचं असेल तर पाय आधी मोजावेत ना?”

“पण हे कशासाठी चाललंय? कुणी मागितलाय हा नकाशा?”

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मला वाटलं, त्यांना लागलं. मग त्या म्हणाल्या, “चौतीस वर्षं मागितलं तेवढंच काढलं. हा न मागता काढते आहे. तो पुरा काढणार.”

लेकीने फोन ठेवला. रुसली असावी. आठवडाभर तिचा फोन आला नाही. बाईंनीही केला नाही, पण दिवसातून दोनदा फोन हातात घेऊन ठेवून द्यायच्या, ते मी पाहिलं.

त्या आठवड्यातच त्यांनी मोजणी केली. झेरॉक्सवालीचं यंत्र सोळा जीबीचं होतं. दुपारी दोन ते चार तिच्याकडे गिऱ्हाईक नसतं. बाई त्या वेळात जाऊन बसायच्या. किती मेमरी वापरात आहे ते दाखवणारा एक तक्ता प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असतो, तो मालकिणीने उघडून दिला. काहीच उघडलेलं नसताना किती, ते आधी टिपलं. प्रोग्राम उघडल्यावर किती. मग एक शीट, दोन शीट, तीन. प्रत्येक वेळी शीट हलवून, फिरवून, चूक करून ती मागे घेऊन पाहायच्या, कारण चूक मागे घ्यायची असेल तर आधीची प्रतही यंत्राला सांभाळावी लागते. सहा शीटपर्यंत गेल्या. असं तीन दुपारी केलं. आकडे थोडे इकडेतिकडे झाले, पण फार नाही.

चौथ्या दिवशी मी गेले तर त्या आलेख कागदावर ठिपके देत होत्या. सहाही ठिपके एका रेघेत आले. पट्टी लावून त्यांनी ती रेघ पुढे नेली, चौदापर्यंत. यंत्राचे आणि प्रोग्रामचे मिळून तीन जीबी. दर शीटला एकाहून थोडं जास्त. चौदाला साडेअठरा. शेवटी सगळी शीट मिळून एकच चित्र करायचं, तेव्हा ते अख्खं चित्र वेगळं मांडलं जाणार, त्याचे पावणेआठ.

“सव्वासव्वीस,” त्या म्हणाल्या. “सोळा कमी. चौसष्ट म्हणजे नाकापेक्षा मोती जड. बत्तीस.”

मग त्यांनी जावयांना फोन केला. लेकीला नाही, जावयांना.

“आई, बत्तीस?” ते म्हणाले. “माझ्या ऑफिसच्या मशीनलाही बत्तीस नाहीत.”

“तुमच्या ऑफिसात अशी चौदा शीट उघडतात का?”

“नाही.”

“मग तुम्हाला लागणारही नाहीत.”

जावई हसले. मग त्यांनी मोजणी कशी केली ते विचारलं. बाईंनी आलेखाचा फोटो पाठवला. बऱ्याच वेळाने त्यांचाच फोन आला. आवाज बदललेला होता. म्हणाले, “आई, मी नोकरीत रोज लोकांना किती मेमरी घ्या ते सांगतो. मोजून कधीच सांगितलं नाही.” आणि एक उपयोगाची गोष्टही त्यांनी सांगितली. त्यांनी दिलेलं यंत्र टाकायची गरज नव्हती. त्यात मेमरीच्या दोन खाचा होत्या आणि प्रत्येकीत सोळाची पट्टी बसत होती. कुठल्या प्रकारची पट्टी हवी ते मात्र आतल्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते वाचून खात्री करून घ्यायला हवी होती.

बारीक अक्षरं वाचायला घरात माणूस होताच. घड्याळजींनी दुकानाचं टेबल रिकामं केलं, त्यावर मऊ कापड अंथरलं, कॉम्प्युटर आडवा ठेवला आणि डोळ्याला भिंग लावून चार स्क्रू काढले. पाटीवरची अक्षरं त्यांनी बाईंना एकेक करून सांगितली, बाईंनी लिहून घेतली. त्याच विक्रेत्याकडून दोन पट्ट्या आणल्या. त्याने पुन्हा एकदा चौसष्टचा विषय काढून पाहिला. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “दोन पट्ट्या द्या, सोळाच्या.”

पट्ट्या बसवायच्या आधी जावयांनी सांगितलं होतं तसं घड्याळजींनी लोखंडी कपाटाला हात लावला, म्हणजे अंगातली वीज उतरते. जुनी पट्टी काढली, नव्या बसवल्या, तार जोडली. यंत्र चालू झालं नाही. पडदा काळा आणि आतून नुसती टीं टीं.

बाई खुर्चीत बसून राहिल्या, पण त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं मला दिसलं. घड्याळजींनी तार काढली, पुन्हा भिंग लावलं, बराच वेळ आत पाहिलं.

“ही दुसरी पूर्ण खाली गेली नाही. मीच घाबरून हलकं दाबलं,” ते म्हणाले. “घड्याळावर जोर करायचा नसतो, तीच सवय.” दोन्ही अंगठे ठेवून त्यांनी ती दाबली. टक् असा आवाज झाला. या वेळी पडदा उजळला.

बाईंनी पहिलं काम केलं ते तक्ता उघडून बत्तीस आकडा पाहण्याचं. मग एकेक शीट उघडलं. चौदावं उघडलं तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते, आणि दुकानातल्या घड्याळांत त्याबद्दल नेहमीप्रमाणे एकमत नव्हतं. त्या वेळी तक्त्यात वापर होता एकोणीसहून जरासा कमी. आलेखात होता त्यापेक्षा किंचित जास्त. “रेघ थोडी वर जायला हवी होती,” बाई म्हणाल्या, आणि तेवढीच त्यांची खुशी.

जोडकाम पूर्ण व्हायला अडीच महिने लागले. कापड जागोजागी ताणलेलं, आकसलेलं. प्रत्येक सांधा त्यांनी हाताने जुळवला. यादरम्यान लेक एकदा येऊन गेली. रुसवा कधी सुटला कुणाला कळलं नाही. ती आईच्या मागे उभी राहून बराच वेळ पडद्याकडे बघत होती, मग तिने स्वतःच आईच्या पाठीला उशी लावली.

आता माझ्या घरची गोष्ट. मी राहते ती दवाखान्यामागची ओळ. तिथल्या अकरा घरांना त्या सुमारास गढूळ पाणी यायला लागलं. वासही यायचा. पाच-सहाजण पोटाने आजारी पडले, त्यात माझी जाऊ होती. खात्याने दोन ठिकाणी खड्डे खणले, दोन नवे पाइप टाकले, पाणी गढूळच. तीन आठवडे झाले. मी कार्यालयात तक्रारी दिल्या, जावक टेबलावर बसणाऱ्या बाईला आवक टेबलावर किती थांबावं लागतं ते या निमित्ताने कळलं. शेवटी मी त्या पाण्याची एक बाटली भरली आणि रेघबाईंकडे गेले.

त्यांनी बाटली उजेडात धरली. मग नकाशा उघडला आणि माझी ओळ पडद्यावर आणली. आमच्या ओळीतला पाइप निळा होता. बाई त्याच्यावरून बाण हळूहळू दूरच्या टोकाकडे नेत गेल्या. सातव्या आणि आठव्या शीटच्या सांध्यावर थांबल्या. आठव्या शीटवरचा निळा पाइप जिथे संपत होता, तिथेच सातव्या शीटवरची एक लाल रेघ येऊन टेकत होती. लाल रेघ जुन्या रंगकारखान्याकडून आलेली होती. कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली.

“हे बघा,” त्या म्हणाल्या. “हा पाइप बंद केला असं लिहिलंय, पण कापलेला नाही. मधे फक्त झडप आहे. नंतर कुणीतरी दुसऱ्या शीटवर काम करताना नवा पाइप त्यालाच आणून जोडला. दोन शीट शेजारी ठेवून कुणी पाहिलीच नाहीत. झडप झिजली असणार. नळाचा दाब कमी झाला की त्या मेलेल्या पाइपात साचलेलं पाणी तुमच्याकडे ओढलं जातंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी कार्यालयात गेलो. नवे उपअभियंता, ज्यांना सगळे धाकटे साहेब म्हणतात, त्यांनी ऐकून घेतलं आणि आपल्या पडद्यावर पाहिलं.

“आमच्या सिस्टिममध्ये तिथे काहीच नाही.”

“तुमच्या सिस्टिममध्ये नाही म्हणून जमिनीत नाही, असं होत नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही दोन खड्डे तुमच्या मताने खणलेत. एक माझ्या मताने खणा. काही निघालं नाही तर पुन्हा या दारात येणार नाही, लिहून देते.”

धाकटे साहेब थोडे ओशाळले. “लिहून नको,” म्हणाले आणि माणसं बोलावली.

दवाखान्याच्या भिंतीपासून अंतर मोजून बाईंनी जागा दाखवली. माणसं कमरेइतकी खोल गेली. माती, विटांचे तुकडे, आणखी माती. मुकादम वर बघून म्हणाला, “साहेब, काही नाही इथे. बुजवू?” आजूबाजूला ओळीतली माणसं जमली होती. मागून कुणीतरी हसलं.

बाई खड्ड्याच्या काठावरून हलल्या नाहीत. “बुजवायचं नाही,” म्हणाल्या. मग मला विचारलं, “ही भिंत किती वर्षांची?”

“रस्ता रुंद केला तेव्हा मागे सरकवून नवी बांधली. झाली आठ-नऊ वर्षं.”

“मग मी चुकीच्या भिंतीपासून मोजलं. समोरच्या शाळेची पायरी जुनीच आहे ना?” पायरी जुनीच होती. त्यांनी पिशवीतून छापलेला कागद काढला, पायरीपासूनचं अंतर वाचलं आणि टेप मुकादमाच्या हातात दिला. जागा चार फूट पुढे सरकली. पाऊण तासाने पहार लोखंडावर वाजली. माती दूर केल्यावर झडपेचं गंजलेलं चाक दिसलं आणि त्याच्या बुडातून काळं पाणी झिरपत होतं.

पाइप तिथे कापून त्याचं तोंड कायमचं बंद केलं. तीन दिवसांनी माझ्या नळाला स्वच्छ पाणी आलं. पहिली बाटली मी बाईंच्या घरी नेऊन दिली. त्यांनी ती उजेडात धरली आणि मग पिऊन टाकली.

पुढे जे झालं ते खात्याच्या रीतीप्रमाणेच झालं. आधी वरून निरोप आला की नकाशे खात्याची मालमत्ता आहेत, जमा करा. बाईंनी लेखी परवानगीची प्रत पाठवली. मग विनंती आली की निदान जोडलेल्या नकाशाची फाइल द्या. ती त्यांनी त्याच दिवशी दिली. आठ दिवसांनी पत्र आलं: ‘सदर फाइल या कार्यालयातील संगणकावर उघडत नसल्याने ती लहान आकारात, शक्यतो काळ्या-पांढऱ्या रंगात, सादर करावी.’

पत्र वाचून बाईंनी मला बोलावून घेतलं. सरकारी भाषा माझी चांगली. पण मी लिहायला बसले तर त्यांनीच सांगितलं, आणि सांगितलं तसंच मी उतरवलं: ‘नकाशा लहान होणार नाही. रंग निघणार नाहीत. कार्यालयाने संगणकाची मेमरी वाढवावी. किती, ते मोजून सोबत जोडले आहे.’

“जरा मऊ करू का?” मी विचारलं.

“नको,” त्या म्हणाल्या. “आधीच मऊ आहे.”

मेमरी वाढवायला खात्याला पाच महिने लागले. तोवर धाकटे साहेब दर गुरुवारी बाईंच्या घरी येत होते. घड्याळांच्या दुकानातून वर चढायचे, चपला दाराशी काढायचे आणि स्टुलावर बसून आठवडाभराचे प्रश्न विचारायचे. एकदा त्यांनी चुकून “बाई, तुम्हाला आता कशाला एवढी दगदग” असं म्हटलं. बाईंनी चष्म्यावरून नुसतं बघितलं. साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला.

हल्ली त्यांनी गावाचा वरचा भाग हातात घेतलाय. तो तेवीस शीटवर आहे. परवा मी गेले तेव्हा जावयांचा फोन चालू होता.

“तेवीस म्हणजे बत्तीस पुरणार नाहीत, आई,” ते म्हणत होते. “किती पाठवू, सांगा.”

“अजून मोजलं नाही,” बाई म्हणाल्या. “मोजल्याशिवाय काही पाठवू नका.”